झेनागा भाषा केवळ वृद्धांपुरती कशी उरली? खानदेशातील वाचकांना विचारणा

गोमाईकाठ, शहादा

नमस्कार.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पदव्युत्तर वर्गासाठी बोलींच्या भवितव्यावर टिपणे काढत असताना उत्तर आफ्रिकेतील अमाझिग भाषांविषयी, म्हणजे जगात बर्बर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषासमूहाविषयी, वाचनात आले आणि त्यांतील झेनागा या भाषेपाशी मी अडकलो. मॉरिटानियाच्या नैर्ऋत्य भागात, मेदेर्द्रा हे गाव आणि अटलांटिक महासागराचा किनारा यांच्या दरम्यान, ही भाषा आज मोजक्या घराण्यांत बोलली जाते आणि तीही मुख्यतः वृद्धांकडून. मधल्या पिढीला ती बऱ्यापैकी समजते, नातवंडांच्या फक्त कानांवरून जाते, आणि घरात, बाजारात, मशिदीत सगळा व्यवहार हस्सानिया या अरबी बोलीत होतो.

माझी अडचण कालक्रमाची आहे. सतराव्या शतकातील एका युद्धानंतर त्या प्रदेशात अरबी टोळ्यांचे वर्चस्व पक्के झाले आणि झेनागाची पीछेहाट सुरू झाली, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. परंतु त्या युद्धाला साडेतीनशे वर्षे होऊन गेली. इतकी शतके तग धरलेली भाषा दोन-तीन पिढ्यांतच आजी-आजोबांपुरती उरते, याचा उलगडा केवळ वर्चस्वाच्या गोष्टीने होत नाही. मग मधल्या काळात तिला कोणी धरून ठेवले होते आणि तो हात नेमका कधी सुटला? शिवाय मोरोक्को आणि अल्जीरिया या देशांनी अमाझिग भाषेला राजभाषेचा दर्जा दिला आहे. त्या दर्जाचा घरातल्या बोलण्यावर काही परिणाम झालेला दिसतो का?

हे विचारण्यामागे आपल्याकडची काळजीही आहे. अहिराणी बोलणारे लाखांत आहेत, त्यामुळे झेनागाशी तिची थेट तुलना करता येणार नाही, याची मला कल्पना आहे. तरीसुद्धा धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतून येणारे माझे विद्यार्थी अलीकडे 'समजते, पण बोलता येत नाही' असे सांगू लागले आहेत आणि ते सांगताना त्यांना त्यात वावगे काही वाटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पांझराकाठ, धुळे

सर, आपला कालक्रमाचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. भाषा मागे पडण्याची सुरुवात आणि भाषा तुटण्याचा क्षण या दोन वेगळ्या घटना असतात आणि झेनागाच्या बाबतीत त्यांच्यात काही शतकांचे अंतर आहे.

आधी पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. अकराव्या शतकात ज्या सन्हाजा टोळ्यांतून अल्मोराविद सत्ता उभी राहिली आणि जिने पुढे मोरोक्को व स्पेनपर्यंत राज्य केले, त्या टोळ्यांच्या भाषेची झेनागा ही वारसदार आहे. म्हणजे ही मुळात राज्यकर्त्यांच्या घरची भाषा होती. पंधराव्या शतकाच्या सुमारास बनी हस्सान या अरबी टोळ्या दक्षिणेकडे सरकत या प्रदेशात स्थिरावू लागल्या. १६४४ ते १६७४ या काळातील शार बुबा या युद्धात स्थानिक अमाझिग गटांचा पराभव झाला आणि समाजाची नवी घडी बसली: शस्त्र हस्सानांच्या हाती राहिले, तर पराभूतांपैकी 'झवाया' म्हटल्या जाणाऱ्या घराण्यांनी धर्मविद्या, अध्यापन, विहिरींची मालकी आणि पशुपालन यांत आपले स्थान निर्माण केले.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की झेनागा टिकवून ठेवली ती मॉरिटानियाच्या नैर्ऋत्येकडील त्रारझा प्रांतातील अशाच काही झवाया घराण्यांनी. ही माणसे अरबी भाषेची पंडित होती. धर्मग्रंथ, काव्य, कायदा हे सगळे ती अरबीत लिहीत आणि परक्याशी हस्सानियात बोलत, पण तंबूत आल्यावर त्यांची भाषा झेनागाच असे. अशिक्षितपणामुळे जुनी भाषा उरते आणि शिक्षण आले की ती जाते, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. झेनागाचा इतिहास या समजुतीला सरळ छेद देतो. तीनशे वर्षे दोन भाषा दोन जागी सुखाने नांदल्या, कारण प्रत्येकीचे काम ठरलेले होते आणि तंबूच्या आत दुसरीला प्रवेश नव्हता.

तो हात सुटण्याचे कारण माझ्या मते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोधावे लागते. १९६० मध्ये मॉरिटानिया स्वतंत्र झाला तेव्हा तिथले बहुसंख्य लोक भटके पशुपालक होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला, कळप मेले, आणि लोक मोठ्या संख्येने गावांकडे व नवाकशोत या नव्याने वसवलेल्या राजधानीकडे आले. तंबू हीच ज्या भाषेची हद्द होती, तिच्या दृष्टीने तंबूच राहिला नाही. शहरी वस्तीत शेजारी हस्सानिया बोलणारा, शाळा अरबीची, नोकरी अरबी किंवा फ्रेंचची, आणि मुलांचे खेळगडी सगळ्या टोळ्यांतले. अशा वेळी आईवडिलांनी मुलांशी कोणती भाषा बोलायची, हे कोणी बसून ठरवले नसेल, पण ते ठरले.

यात राज्यसंस्थेचेही मौन आहे. मॉरिटानियाच्या १९९१च्या राज्यघटनेत अरबी ही राजभाषा आहे आणि राष्ट्रीय भाषा म्हणून अरबी, पुलार, सोनिंके व वोलोफ यांची नावे आहेत. झेनागाचे नाव त्यात नाही.

भाषेचे शास्त्रीय मोल किती मोठे आहे, हेही सांगायला हवे. गळ्यातून श्वास क्षणभर अडवून सोडल्याने उमटणारा जो व्यंजनध्वनी बाकीच्या अमाझिग भाषांनी केव्हाच गमावला, तो झेनागाने जपला आहे. त्यामुळे या संपूर्ण भाषासमूहाचे प्राचीन रूप उभे करताना अभ्यासकांना झेनागाकडे यावेच लागते. कॅथरीन टेन-शेख या फ्रेंच विदुषीने दीर्घकाळ क्षेत्रकार्य करून तयार केलेला झेनागा-फ्रेंच कोश २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम वेळेवर झाले, कारण ज्यांना विचारायचे ती माणसे तेव्हा हयात होती.

झेनागाची सर्वांत जवळची बहीण तेत्सेरेत ही नायजर देशात आहे आणि तिची गोष्ट अधिकच विचार करायला लावणारी आहे. तिला अरबीने किंवा फ्रेंचने मागे सारलेले नाही; तिच्या भोवती सहारातील तुआरेग लोकांची तवेल्लेमेत ही दुसरी, मोठी अमाझिग भाषा आहे आणि तेत्सेरेत बोलणाऱ्यांची मुले तिच्याकडे वळली. आपल्याकडे बोलींचा ऱ्हास म्हटले की इंग्रजीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई होते. बऱ्हाणपूर आणि जळगाव जामोदच्या बाजूला असलेली निहाली पाहा. जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणाऱ्या त्या भाषेचा शब्दसंग्रह कोरकू व मराठीने व्यापला, आणि यांपैकी कोरकू ही स्वतःच एक लहान आदिवासी भाषा आहे. लहान भाषेला गिळणारी भाषा बहुतेक वेळा शेजारच्या गल्लीतली असते.

बोरीकाठची शिक्षिका, अमळनेर

पांझराकाठ दादांनी इतिहास फार नेमका मांडला आहे. मी घराच्या आतल्या बाजूबद्दल लिहिते, कारण माझी नोकरी मुलांत गेली.

युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये भाषेची प्रकृती मोजण्यासाठी नऊ कसोट्या ठरवल्या आणि त्यांत पहिली कसोटी पिढ्यांमधील संक्रमणाची ठेवली. बोलणारे किती आहेत, हा आकडा त्यानंतर येतो. मुले घरात ती भाषा मातृभाषा म्हणून शिकत नसतील तर भाषा निश्चितपणे धोक्यात. आजी-आजोबा बोलतात, आईवडिलांना समजते पण ते मुलांशी बोलत नाहीत, अशी स्थिती असेल तर गंभीर धोक्यात. आणि सर्वांत तरुण भाषकच आजी-आजोबांच्या वयाचे असतील व तेही अधूनमधून, तुटक बोलत असतील तर भाषा शेवटच्या घटका मोजत आहे, अशी ती उतरंड आहे. या उतरंडीकडे मी जेव्हा जेव्हा पाहते, तेव्हा मला आमच्या गल्लीतली घरे दिसतात. एकाच गावात, कधी कधी एकाच वाड्यात, या तिन्ही पायऱ्या नांदत आहेत.

आमच्या शेजारच्या घरातला एक प्रसंग लिहिते, कारण त्यात सगळी प्रक्रिया डोळ्यांसमोर घडते. दुपारची वेळ. आजी ओसरीवर सुपात दादर ज्वारी निवडत बसलेल्या. दुसरीतला नातू शाळेतून आला, दप्तर फेकले. आजी म्हणाल्या, "आंडोर, हातपाय धुई ले, मंग जेवी ले." नातू मराठीत म्हणाला, "आजी, मी नंतर जेवतो." त्याला समजले सगळे, पण उत्तर दुसऱ्या भाषेत आले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाल्या, "आई, त्याच्याशी मराठीतच बोला ना, शाळेत तो तसंच बोलतो आणि मग मुलं हसतात." आजींनी मान डोलावली आणि मराठीत विचारले, "जेवला का?" त्यानंतर त्या नातवाशी काहीच बोलल्या नाहीत. पाच मिनिटांनी समोरच्या घरातल्या त्यांच्या मैत्रीण आल्या, आणि त्याच आजी पाऊसपाणी, वावर, भावकीतले लग्न, कोणाची म्हैस व्यायली, असे तासभर अखंड बोलत होत्या.

मला यात जे दिसले ते असे. वृद्ध माणसाला परकी किंवा अर्धीमुर्धी येणारी भाषा बोलायला लावली की ते माणूस त्या भाषेत फक्त कामापुरते बोलते. त्याचे रागावणे, लाडाने चिडवणे, रात्रीची गोष्ट, भांडणातली म्हण, हे त्या भाषेत येत नाही. म्हणजे नातवाच्या वाट्याला आजी तर येते, पण तिची बोलकी बाजू येत नाही. मेदेर्द्राच्या आसपासच्या घरांत नेमके काय घडले ते मी पाहिलेले नाही, पण तिथल्या आजीही आपल्या वयाच्या बाईशी झेनागात आणि नातवाशी हस्सानियात बोलत असतील, तर त्या दोन बोलण्यांच्या लांबीत आणि ओलाव्यात असाच फरक पडत असणार.

त्या सूनबाईंना दोष देऊ नये, हेही मला तितक्याच आग्रहाने सांगायचे आहे. त्या स्वतः गावाकडच्या, शाळेत त्यांच्या बोलण्याला हसले गेले, आणि मुलाला ते सोसायला लागू नये म्हणून त्या असे वागतात. ट्युनिशियात मतमाताजवळचे तमेझ्रेत, ततावीनजवळची शेनिनी व दुईरेत, जेर्बा बेटावरचे गेल्लाला अशी जी थोडी अमाझिग गावे उरली आहेत, तिथले पुरुष पिढ्यान् पिढ्या कामधंद्यासाठी ट्युनिस शहरात जात आले. गावात राहिलेल्या बायकांनी आणि वृद्धांनी भाषा जपली. पुढे कुटुंबेच शहरात गेली, तेव्हा मुलांना सोयीची भाषा देणे हे आयांना कर्तव्य वाटले. आपल्याकडून सुरतेला, उधन्याच्या बाजूला, कापडगिरण्यांत गेलेल्या कुटुंबांत यापेक्षा वेगळे काय झाले? ज्या घराने भूक पाहिली आहे, त्या घराला भाषेचे महत्त्व सांगायला जाण्यापूर्वी त्या घराची अडचण नीट ऐकून घ्यावी, असे मला वाटते.

सातपुडा, धडगाव

बोरीकाठच्या ताईंचे निरीक्षण मनाला भिडले, परंतु चर्चा घराच्या उंबऱ्याच्या आतच राहिली तर ती अपुरी राहील. सूनबाईंनी तो निर्णय ज्या भीतीपोटी घेतला, ती भीती शाळेने निर्माण केली आहे. मी या भागात प्राथमिक शिक्षक आहे. माझ्याकडे पहिलीत येणारी मुले पावरी बोलत येतात, त्यांना मराठी जवळपास येत नाही, आणि पुस्तक मात्र पहिल्या दिवसापासून मराठी. मूल गप्प बसते. त्या गप्प बसण्याला आपण मंदपणा समजतो आणि पालकही तसेच समजू लागतात. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी असाव्यात असे म्हटले आहे, आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे कलम आहे. 'शक्य तेथवर' या दोन शब्दांच्या सवलतीच्या आड सगळे राहून जाते, आणि मुलाला मात्र पहिलीचे पहिले वर्ष परत मिळत नाही.

आता गोमाईकाठ सरांच्या राजमान्यतेच्या प्रश्नाकडे येतो. मोरोक्कोत २००१ मध्ये अमाझिग संस्कृतीसाठी राजाश्रयाची संस्था स्थापन झाली, २००३ पासून तिफिनाघ या अमाझिगांच्या स्वतःच्या लिपीत शाळांतून ही भाषा शिकवायला सुरुवात झाली आणि २०११च्या राज्यघटनेने तिला अरबीच्या बरोबरीने राजभाषा केले. अल्जीरियाने २००२ मध्ये तिला राष्ट्रीय भाषेचा आणि २०१६ मध्ये राजभाषेचा दर्जा दिला. त्यामागे १९८० मध्ये तिझी उझू येथे लेखक मुलूद माम्मेरी यांचे काबील या तिथल्या अमाझिग भाषेतील प्राचीन काव्यावरील व्याख्यान सरकारने रद्द केल्यावर उसळलेल्या आंदोलनापासूनचा लढा आहे. एवढे होऊनही मोरोक्कोच्या जनगणनेत अमाझिग बोलणाऱ्यांचे प्रमाण २००४ मध्ये सुमारे २८ टक्के होते, ते २०२४ मध्ये २४.८ टक्के नोंदले गेले. अमाझिग कार्यकर्त्यांना हे आकडे मान्य नाहीत, आणि जनगणनेत प्रश्न कसा विचारला जातो यावर उत्तर अवलंबून असते हे खरेच आहे. तरी दर्जा मिळाल्याबरोबर आकडा वर गेला, असे झालेले नाही.

याचा अर्थ दर्जा निरुपयोगी आहे, असा मात्र कृपया काढू नये. दर्जामुळे लाज कमी होते. पाटीवर, नोटिशीवर, वर्गाच्या फळ्यावर आपली भाषा दिसली की मुलाला ती चोरून बोलावी लागत नाही. पण मोरोक्कोतील शिक्षण अजून सर्व शाळांपर्यंत गेलेले नाही, आणि तो विषय आठवड्यातल्या काही तासांपुरता राहिला तर मूल ती भाषा शिकते, तिच्यात जगत नाही. दर्जा आणि वापर यांच्यामधली ही दरी भरून काढणारे काम शिक्षकाचे आहे.

आकड्यांचा विषय निघाला म्हणून आपल्या घरचे आकडेही पाहू. जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली, ज्यात अहिराणीही मोजली जाते, १९९१ मध्ये सुमारे ९ लाख ७४ हजार, २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार आणि २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार भाषक नोंदले गेले. दहा वर्षांत लोकसंख्या दुपटीहून अधिक वाढत नसते. लोकांनी मातृभाषा कोणती सांगितली, ते बदलले. त्यामुळे या आकड्यांवरून अहिराणी सुरक्षित आहे असे म्हणणाऱ्यांना आणि ती मरणपंथाला लागली आहे असे म्हणणाऱ्यांना, दोघांनाही माझी विनंती आहे की त्यांनी एखाद्या संध्याकाळी गावातल्या पाराजवळ उभे राहून सहा-सात वर्षांची मुले खेळताना आपसांत कोणत्या भाषेत भांडतात, ते ऐकावे.

गिरणाकाठ, चाळीसगाव

एका मुद्द्यावर मला अजून कोणीच बोललेले दिसले नाही, आणि तो वेळेशी बांधलेला आहे. वृद्धांचे बोलणे नोंदवून ठेवण्याचा मुद्दा.

ध्वनिमुद्रणाने भाषा जिवंत राहत नाही, मुलांनी बोलल्यानेच राहते, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण या तत्त्वाच्या आधारे नोंदणीचे काम मागे टाकणे फार महागात पडते. पूर्व लिबियातील अवजिला या मरुद्यानातील भाषा पाहा. उम्बेर्तो पारादिसी या इटालियन अभ्यासकाने तिथल्या कथा आणि शब्दसाठा गोळा करून १९६० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे गद्दाफीच्या राजवटीत अमाझिग भाषांचे अस्तित्वच नाकारले गेले, त्यांवरचे काम जवळपास बंद पडले, आणि २०११ नंतर युद्धामुळे त्या भागात अभ्यासकाला जाणे कठीण झाले. मारेन फान पुत्तेन या डच अभ्यासकाचे अवजिलाचे व्याकरण २०१४ मध्ये निघाले, ते मुख्यतः पारादिसीच्या त्या जुन्या संहितांवर उभे आहे. कोणीतरी काही कथा नीट ऐकून उतरवून घेतल्या होत्या, म्हणून पन्नासहून अधिक वर्षांनी एका भाषेचे व्याकरण लिहिता आले.

आणि या गोष्टीला पुढे आणखी एक वळण आहे. अवजिलाचे काही भाषक फेसबुकवर आपल्या भाषेत, अरबी लिपीत, लिहू लागले. फान पुत्तेन आणि लमीन सुआग यांनी २०१५ मध्ये त्या लिखाणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भाषेची झीजही दिसते आणि ती सावरण्याची धडपडही दिसते. जे आपल्याकडे अहिराणी व्हिडिओंना केवळ करमणूक म्हणून नाक मुरडतात, त्यांनी या अभ्यासाची दखल घ्यावी.

उलट बाजूही आहे. ट्युनिशियातील सेनेद या गावच्या बोलीवर १९११ मध्ये पुस्तक निघाले. ती बोली आज नाही, आणि तिच्याविषयी जे काही कळते ते त्या एका पुस्तकामुळे. त्या पुस्तकात जे विचारले गेले नाही, ते आता कोणालाही विचारता येणार नाही.

अल्जीरियाच्या गुरारा भागातील अहेल्लील हा गायनप्रकारही मला आठवतो. रात्रभर चालणारे हे समूहगायन झेनाती या अमाझिग बोलीत असते आणि २००५ मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला. परंतु शब्द पाठ असणारे वृद्ध कमी होत आहेत. आपल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या गाण्यांची, कानबाई देवीच्या रोटांच्या सणातल्या गाण्यांची स्थिती याहून निराळी आहे का? झोक्यावर बसणाऱ्या मुलींना चाल येते, पहिली दोन कडवी येतात, आणि पुढचे सगळे गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांकडे असते. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी कागदावर उतरवून घेतल्या नसत्या, तर अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंची वाणी १९५१ नंतर कोणाच्या हाती लागली असती? प्रत्येक गावात बहिणाबाई नसतील, पण कागद घेऊन बसणारे कोणीतरी असायला हवे.

नोंद घेण्याच्या पद्धतीबाबत एक आग्रह आहे. 'याला तुमच्यात काय म्हणतात' असे विचारत शब्दांची यादी करू नये. केलीच तर शेवटी करावी. एकट्या वृद्धापुढे मोबाईल धरला की तो पाहुण्याशी बोलतो आणि पाहुण्याच्या भाषेकडे सरकतो. दोन समवयस्क माणसांना एकत्र बसवावे, शक्य असेल तर कामात असताना: खापरावर मांडे भाजताना, वावरात बांधावर, गुरांच्या गोठ्यात. एकीने पुरणाचा उंडा हातावर फिरवत मोठा करावा आणि दुसरीने शेजारून 'काठ जाड ऱ्हायना' म्हणून तिला टोकावे, त्या टोकण्यात जे व्याकरण असते ते प्रश्नावलीत कधीही सापडत नाही.

गोमाईकाठ, शहादा

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या प्रश्नापेक्षा उत्तरे पुष्कळ पुढे गेली. तंबू हीच भाषेची हद्द होती आणि ती हद्द दुष्काळाने व शहराने पुसली, या मांडणीमुळे कालक्रमाचा पेच माझ्यापुरता सुटला. येत्या सत्रात विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील ज्येष्ठांचे बोलणे नोंदवण्याचे काम द्यावे, असे मनात आहे. त्यांत अहिराणीबरोबरच मावची, देहवाली, गुजरी, पावरी बोलणाऱ्या घरांतले विद्यार्थीही असतील.

यात एक शंका राहते. आजचे ज्येष्ठही शुद्ध बोली बोलत नाहीत. वाक्य अहिराणीत सुरू होते, मध्येच मराठी येते, 'टेन्शन' आणि 'मोबाईल' तर असतातच. विद्यार्थ्यांना केवळ जुने, निर्भेळ बोलणे निवडून घ्यायला सांगावे की जसे येईल तसे घ्यावे? शिवाय काही विद्यार्थी म्हणतात की घरात आजी-आजोबा नाहीत, आईला मोडकीतोडकी येते. तिचे बोलणे नोंदवण्याजोगे मानावे का?

पांझराकाठ, धुळे

सर, जसे येईल तसेच घ्यावे. निवड करायला सांगितले की विद्यार्थी स्वतःच्या कल्पनेतली अहिराणी गोळा करतील आणि बोलणाऱ्याच्या मनात पुन्हा तीच भीती बसेल की आपले बोलणे पुरेसे चांगले नाही. शेवटच्या झेनागा भाषकांच्या बोलण्यातही हस्सानियाचे शब्द मुबलक आहेत. शतकानुशतके दोन भाषांत वावरलेल्या माणसांचे बोलणे असेच असणार. कोणता शब्द कुठून आला, हे नंतर शांतपणे ठरवता येते, पण नोंदीतूनच जे गाळले ते परत आणता येत नाही.

मोडकेतोडके बोलणाऱ्या आईचे बोलणे तर अवश्य घ्यावे. स्कॉटलंडच्या पूर्व सदरलंडमधील मच्छीमार वस्त्यांतील गेलिक भाषेवर नॅन्सी डोरियन यांनी दीर्घकाळ काम केले आणि १९७७ मध्ये अशा 'अर्ध्या भाषकांचा' प्रश्न नेमकेपणाने मांडला. भाषा अर्धवट येणाऱ्या या माणसांचे व्याकरण चुकते, पण कोणाला कसे बोलायचे, कुठे हसायचे, कुठे गप्प राहायचे, हे त्यांना अचूक ठाऊक असते, आणि त्या भाषेतले संभाषण ते व्यवस्थित निभावतात. आपल्या विद्यार्थ्यांच्या आया या वर्गात मोडतात. आजी गेल्यावर घरात त्या भाषेचा दुवा म्हणून एकट्या त्याच उरतात, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

दोन गोष्टी सत्र सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात. ज्याचे बोलणे नोंदवायचे, त्याला ते कशासाठी हवे आहे हे त्याच्याच भाषेत समजावून सांगून परवानगी घ्यावी, आणि नोंदीची एक प्रत सर्वांत आधी त्या घराला द्यावी, कारण त्या आवाजावर पहिला हक्क घरच्यांचा आहे. प्रत्येक नोंदीबरोबर गाव, बोलणाऱ्याचे अंदाजे वय, माहेर व सासर कुठले आणि त्या घरात मुलांशी कोणती भाषा बोलतात, एवढे लिहून ठेवावे. माहेर-सासरची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण तापीच्या दोन काठांवरची अहिराणी एकसारखी नाही आणि लग्नानंतर बायकांचे बोलणे बदलते. मोबाईलमधली फाईल मोबाईलमध्येच ठेवू नये. ती त्याच दिवशी महाविद्यालयाच्या संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी जतन करावी. प्रश्नावलीचा एक नमुना मी तयार करून इथे देतो, पण पहिल्या भेटीत विद्यार्थ्यांनी ती पिशवीतून बाहेर काढू नये, एवढे त्यांना आवर्जून सांगावे.